फोंडा-पणजी रोज गाडीने जाते, दोन महिन्यांत दोन धक्के. माझं नक्की काय चुकतंय?

फोंड्याची बाई (प्रश्न)

नमस्कार. मी फोंड्याला राहते, पणजीत शिकवते. लायसन्स काढून सहा वर्षं झाली, पण स्वतः गाडी घेऊन रोज जायला लागले ती या मार्चपासून. त्याआधी बसनेच जायचे.

पहिला धक्का जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भोमला बसला. पाऊस नुकताच सुरू झालेला. तिथे हायवे गावातूनच जातो, दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं. कुणीतरी रस्ता ओलांडायला पुढे आलं म्हणून समोरची गाडी थांबली. मीही ब्रेक मारला, पण गाडी सरकत सरकत तिच्या बंपरला जाऊन लागली. वेग चाळीसच्या आतच होता. ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायला लागलं. मला वाटलं ब्रेकच गेला, म्हणून पाय उचलून पुन्हा मारला, तोवर उशीर झाला होता.

दुसरा धक्का गेल्या सोमवारी, पणजीत अठरा जून रस्त्यावर. डाव्या कडेला गाडी लावली, दार उघडलं आणि मागून स्कूटरवर येणारा मुलगा दाराच्या कडेवर आदळून पडला. कोपर सोलवटलं, गुडघ्याला लागलं. हुकाला अडकवलेला त्याचा जेवणाचा डबा उघडून भात आणि सुंगटांची कढी रस्त्यावर पसरली. मी तो डबा उचलून हातात धरून उभी होते, काय बोलावं ते सुचेना. तोच मला म्हणाला, "असूं दी मॅडम." त्याला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

मी आरशात पाहिलं होतं. खरंच पाहिलं होतं. तो दिसला नाही.

गाडी शिकताना मला आठचा आकडा काढायला शिकवला, रिव्हर्स शिकवला. यातलं काहीच कुणी शिकवलं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे त्यांनी सांगा, कोणत्या सवयी लावून घेऊ? फक्त "हळू चालवा" म्हणू नका, मी हळूच होते.

वाळपईचा ड्रायव्हर

ताई, मी सत्तरी तालुक्यातला. सत्तावीस वर्षं प्रवासी बस चालवली, आता घरी आहे. तुमचं वाचून लिहायला बसलो, कारण माझी सून हल्लीच गाडी शिकली आणि तिला जे सांगतो तेच तुम्हाला सांगायचं आहे.

तुमच्या दोन्ही धक्क्यांचं कारण एकच दिसतं. गाडीच्या भोवती मोकळी जागा नव्हती, आणि ती आहे की नाही हे बघायला नजर वेळेवर पोचली नाही.

आधी भोमचं बघू. चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. समोरचा लाल दिवा दिसला, डोक्याला कळलं, पाय उचलून ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद जातो. दिवसभर शिकवून दमलेल्या माणसाला दीडसुद्धा लागतो. म्हणजे ब्रेक कामाला लागायच्या आधीच जवळजवळ तीन गाड्यांच्या लांबीएवढा रस्ता संपला. त्यात जूनचा पहिला पाऊस. उन्हाळाभर सांडलेलं तेल, टायरचा काळा भुगा, धूळ आणि जिथे डोंगर कापलेला आहे तिथली तांबडी माती, हे सगळं पहिल्या सरीने वाहून जात नाही. रस्त्यावर त्याचा साबण होतो. पाऊस चार दिवस धो धो पडला की रस्ता उलट बरा होतो.

अंतर मीटरमध्ये मोजू नका, गाडीत बसून ते कुणालाच जमत नाही. समोरच्या गाडीने एखादा विजेचा खांब किंवा मैलाचा दगड ओलांडला की मनात म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तुमची गाडी त्या खांबाशी तीन म्हणून झाल्यावर पोचली पाहिजे. पावसात चारपर्यंत मोजा. वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं, वेगळं काही लक्षात ठेवायला नको. मध्ये कुणी घुसेल, रोज घुसेल. घुसू द्या, पाय थोडा सैल सोडा आणि पुन्हा मोजा.

पेडल थरथरलं ते ब्रेक बिघडल्याचं लक्षण नव्हे. ते एबीएस. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ते ब्रेक पकडतं, सोडतं, पकडतं, सोडतं, तेच पायाला जाणवतं. तुम्ही पाय उचललात आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक सुटला. अशा वेळी पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि स्टिअरिंग हातात ठेवायचं, कारण एबीएस असलं की दाबलेल्या ब्रेकवरही गाडी वळते. घरच्या कुणाला बरोबर घेऊन एखाद्या मोकळ्या, ओल्या मैदानावर वीस-पंचवीसच्या वेगाने दोन-चारदा मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा. ती थरथर पायाच्या ओळखीची झाली की पुन्हा दचकणार नाही.

आता दार. तुम्ही आरशात पाहिलंत यावर माझा विश्वास आहे. पण आरशाला न दिसणारा कोपरा असतो आणि स्कूटर त्यात सहज मावते. दाराजवळचा हात उजवा, म्हणून आपण उजव्याने दार उघडतो आणि मान पुढेच राहते. यापुढे डाव्या हाताने उघडा. डावा हात दारापर्यंत न्यायचा तर अंग वळतं, अंगाबरोबर मान वळते आणि मागचा रस्ता डोळ्यांना दिसतो. आधी चार बोटं फट करा, थांबा, मग उतरा. मागे बसलेल्यांनाही हेच लागू, त्यांनी शक्यतो फुटपाथच्या बाजूने उतरावं.

अजून एक जागा आहे जिथे माणूस लपतो. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना जो खांब असतो तो. उजव्या वळणावर आणि सर्कलवर स्कूटरवाला त्या खांबामागे पूर्ण झाकला जातो. तुमचा वेग आणि त्याचा वेग जुळला तर तो बराच वेळ झाकलेलाच राहतो. म्हणून सर्कलला मान घोड्यासारखी पुढे-मागे हलवून बघायचं. माझ्या बसमध्ये नवीन कंडक्टर यायचे ते विचारायचे, हे काय करता. मी सांगायचो, माणूस शोधतोय.

आणि गुरं. हे मला लिहायचंच आहे. २००६ चा श्रावण होता, होंड्याहून वाळपईला रात्रीची शेवटची फेरी. पाऊस थांबला होता, रस्त्यातून वाफ येत होती. पावसाळ्यात गुरं रस्त्यावर बसतात, कारण गवत ओलं असतं, चिलटं चावतात आणि डांबर तेवढं कोरडं, उबदार. मला हे ठाऊक होतं, तरी मी पन्नासला होतो. समोरून ट्रक आला, हाय बीमवर. तो गेला आणि दोन सेकंद मला काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा तीन गुरं बसलेली. पाठ माझ्याकडे, त्यामुळे डोळेही चमकले नाहीत. मी सरळ ब्रेक दाबला. दोन उठली. काळी पाडी उठेपर्यंत बस तिच्यावर गेली. आत एका मासळीवालीची रिकामी पाटी घसरत माझ्या सीटपर्यंत आली होती. कुणाला लागलं नाही, पण पाडीचा मागचा पाय मोडला. तिचा मालक बॅटरी घेऊन आला, चिखलात बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला एक शब्दसुद्धा बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

त्या रात्रीपासून समोर हाय बीम दिसला की दिवा जवळ यायच्या आतच मी पाय काढतो. नजर त्या दिव्यावर नाही, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवतो. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यावर, तीस-चाळीस मीटरच नीट दिसतं, तर गाडी तेवढ्यात थांबेल इतकाच वेग. आणि जनावर चुकवायला एकदम स्टिअरिंग ओढू नका. माणसं मरतात ती बहुधा समोरच्या गाडीवर किंवा झाडावर जाऊन.

फर्मागुडीच्या उतरणीला गिअर खाली घ्या, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. आणि आठवड्यातून एकदा टायरची हवा बघत चला, गाडी थंड असताना.

म्हापशाचा स्कूटरवाला

मी म्हापसा-पर्वरी-पणजी रोज दुचाकीवर असतो, औषधांच्या ऑर्डरी घ्यायला. ताईंच्या दाराला जसा तो पडला तसा मीही एकदा पडलोय. ताई निदान डबा उचलायला थांबल्या. मला पाडलं तो दार ओढून घेऊन निघून गेला.

गाडीवाल्यांना एवढंच सांगणं आहे की आमच्यासाठी खड्डा म्हणजे खड्डाच. तुमची गाडी त्यावरून जाते, आम्ही डावी-उजवीकडे वळणारच आणि पावसात तो पाण्याखाली असला तर शेवटच्या क्षणी वळणार. म्हणून ओव्हरटेक करताना दार पूर्ण उघडलं तरी आम्हाला लागणार नाही इतकी जागा सोडा. तेवढी नसेल तर थोडं मागे राहा. इंडिकेटर वळायच्या आधी द्या, वळता वळता नव्हे. आणि पाऊस आला की चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणारे मला फार घाबरवतात. हा उजवीकडे जाणार की डावीकडे, कळायचा मार्गच उरत नाही. पावसात हेडलाईट डिपरवर लावले की पुरतं.

काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं दिसली, म्हणजे भाड्याची गाडी, तर मी दुप्पट अंतर ठेवतो. बिचारा मोबाईलवर रस्ता शोधत असतो, कुठेही थांबतो. पहाटेच्या अंधारात पोदेर, म्हणजे पाववाले, सायकलवर असतात, मागे पाटी आणि बहुतेकांना दिवा नाही. त्यांच्या भोंग्याचं पोंपों ऐकू यायला काच थोडी खाली असू द्या.

रात्रपाळी

मी अपघात विभागात नर्स आहे. कुठल्या हॉस्पिटलात ते राहू दे.

ताई, तुम्ही जपून चालवाल, यात शंका नाही. तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं? मी हे विचारते कारण आमच्याकडे पुढचे दोघे बेल्टमुळे चालत येतात आणि मागची आजी स्ट्रेचरवर येते. मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा नियमच आहे, तरी अजून लोकांना तो फक्त पुढच्यांसाठी वाटतो. धडक बसली की मागचा बेल्ट न लावलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे दोघे जातात. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा, काढून ठेवायचा नाही.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका, हात जोडून सांगते. पन्नासच्या धडकेत कुठल्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते. आईचा काही दोष नसतो, पण ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. मी अशा आयांच्या शेजारी रात्र काढली आहे.

आणि कुणाचा अपघात दिसला तर थांबा. १०८ लावा. श्वास चालू असेल आणि गाडीला आग किंवा दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नका, मान तर अजिबात वळवू नका. रिक्षात दुमडून आणलेले पेशंट आम्ही पाहतो, मणक्याचं व्हायचं ते वाटेतच झालेलं असतं. पोलीस मागे लागतील ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच आहे की मदत करणाऱ्यावर नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही.

फोंड्याची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं. त्या पाडीपाशी आल्यावर पुढे वाचवेना.

दोन आठवडे झाले. रोज म्हार्दोळपासून मोजायला सुरुवात करते. पहिल्या दिवशी बाणस्तारीच्या पुलापर्यंत नऊ जण मध्ये घुसले. राग आला, खरं सांगते. तिसऱ्या दिवसापासून मी फक्त पाय सैल करते. शाळेत पोचायला चार मिनिटं जास्त लागतात, म्हणून चार मिनिटं आधी निघते. परवा भोमलाच समोरची गाडी पुन्हा तशीच थांबली, कुत्रं आडवं आलं होतं. मी तिच्या मागे एक अख्खी गाडी मावेल एवढं अंतर राखून थांबले. हात थोडा वेळ कापत होते.

भावाबरोबर मैदानावर जाऊन एबीएस करून पाहिलं. आता ती थरथर ओळखीची झाली आहे.

टायरवाल्याकडे गेले तेव्हा त्याने टायरच्या खाचेतला बारीक उंचवटा दाखवला. रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला म्हणे. माझे पुढचे दोन्ही जवळजवळ तिथे पोचले होते, बदलले. मागचे तो म्हणतो अजून वर्षभर चालतील. काका, चवथीला आईला घेऊन केरीहून चोर्ला घाटाने बेळगावला मावशीकडे जायचं आहे. मागचेही आत्ताच बदलू का?

त्या मुलाला नवीन डबा दिला. त्याच्या आईने घरात बोलावून चहा दिला.

वाळपईचा ड्रायव्हर

बदला ताई. घाटात धुकं असतं आणि ओल्या वळणावर मागचे टायर सुटले तर गाडी फिरते, मग सावरत नाही. सकाळी लवकर निघू नका, नऊनंतर धुकं थोडं वर जातं. आईला मागे बसवा, बेल्ट लावून. वाटेत केरीला पाच मिनिटं थांबून काचा आतून पुसून घ्या.