ऑफिसचा कॉम्प्युटर आणि या महिन्याचं बिल

सामंत (ए-२०३): आज ६ तारीख. मेंटेनन्सचं बिल अजून नाही. १० नंतर व्याज मात्र न चुकता लागतं. सेक्रेटरी साहेब, काही कळेल का?

कुलकर्णी, सेक्रेटरी: नमस्कार सामंत साहेब. ऑफिसचा कॉम्प्युटर सकाळपासून चालू होत नाहीये. झाला की बिलं काढतो. सहकार्य असावं 🙏

सामंत (ए-२०३): सहकार्य गेली अकरा वर्षं करतोय.

देशपांडे काकू (बी-१०२): सगळ्या हिशोबाचा बॅकअप आहे ना?

शिंदे (ए-५०१): मी मागच्या सभेतच बोललो होतो. विंडोज टेन बंद झालंय. नवीन मशीन घ्या. माझ्या ओळखीचा माणूस ४२ हजारांत देतो, प्रिंटरसकट.

जाधव (सी-३०३): तोच का, ज्याच्या कॅमेऱ्यात गेट सोडून सगळं दिसतं? 😄

शिंदे (ए-५०१): तेव्हा तीन कोटेशन मागवली होती. मिनिट्स वाचा. नसतील वाचायची तर गप्प बसा.

रोहन (बी-४०१): शिंदे काका, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अपडेट यायचे थांबले, त्याने मशीन बंद पडत नाही. कुलकर्णी काका, पंखा फिरतोय का?

कुलकर्णी, सेक्रेटरी: हो, तीनवर आहे.

रोहन (बी-४०१): सिलिंगचा नाही हो, सीपीयूचा 🙈

कुलकर्णी, सेक्रेटरी: तोही फिरतोय. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आलीत. फोटो टाकतो.

[फोटो]

जाधव (सी-३०३): हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

कुलकर्णी, सेक्रेटरी: वाचला मी तो, जाधव. टक्कल सगळ्यांनाच पडतं.

मोरे (सी-१०१): रॅम काढा आणि तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासा. आमच्या दुकानात दर पावसाळ्यात तेच करतो.

रोहन (बी-४०१): बरोबर आहे मोरे काका, पण ते बीप बीप वाजून स्क्रीनवर काहीच येत नाही तेव्हा. इथे अक्षरं येतायत म्हणजे रॅम ठीक असावी. कुलकर्णी काका, काय लिहिलंय ते टाइप करा ना.

साने (बी-३०२): आज पाणी किती वाजता सोडणार?

कुलकर्णी, सेक्रेटरी: सीमॉस चेकसम एरर. डेट टाइम नॉट सेट. प्रेस एफ वन. दाबलं तर तारीख १ जानेवारी २००९ दाखवतोय!!

जाधव (सी-३०३): मग बिलंही २००९ च्या दराने काढा. माझा चेक तयार आहे.

सामंत (ए-२०३): हे २००९ पासून व्याज लावतील. यांचा भरवसा नाही.

पाटील, खजिनदार: सामंत साहेब, मला उद्देशून बोलत असाल तर सरळ नाव घ्या. मी हे काम नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता करते.

देशपांडे काकू (बी-१०२): पाटील मॅडम, बॅकअप आहे ना?

रोहन (बी-४०१): आता कळलं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना तारीख आणि सेटिंग तोच सांभाळतो. तो संपलाय. प्लग चालू असला की सेलवर भार येत नाही, म्हणून इतके दिवस निभावलं. ऑफिसचा मेन स्विच कोणी बंद केला होता का?

कुलकर्णी, सेक्रेटरी: रोज रात्री वॉचमन करतो. आणि शनिवारपासून मीटर रूमच्या कामामुळे दोन दिवस पूर्ण बंदच होता.

पाटील, खजिनदार: रोज रात्री मेन बंद करायचा आग्रह कोणाचा होता, ते मिनिट्समध्ये आहे. ऑफिसच्या लाइट बिलावर पाऊण तास भाषण झालं होतं.

सामंत (ए-२०३): मी दिवे बंद करा म्हणालो होतो. मेन नाही. शब्द फिरवू नका.

शिंदे (ए-५०१): जुन्या मशीनला सेल बदलत बसण्यापेक्षा ४२ हजारांत नवीन, वॉरंटीसकट.

मोरे (सी-१०१): सेल माझ्याकडे आहे. चाळीस रुपये. सोसायटीसाठी तीस.

जाधव (सी-३०३): मोरेंचं कोटेशन आलं. आणखी दोन मागवा, नियम आहे 😂

कुलकर्णी, सेक्रेटरी: रोहन, पुन्हा एफ वन दाबलं. आता म्हणतोय रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. हार्ड डिस्क गेली का रे?

रोहन (बी-४०१): लगेच घाबरू नका. डबा टकटक वाजतोय का? नाही ना? सेटिंग पुसल्यामुळे मशीन कदाचित हार्ड डिस्कआधी दुसरीकडे विंडोज शोधतंय. पुढे-मागे पेन ड्राइव्ह लावलाय का बघा.

कुलकर्णी, सेक्रेटरी: मागे एक निळा आहे. धूळ बसलीय.

रोहन (बी-४०१): काढा आणि पॉवरचं बटण दाबून परत चालू करा.

साने (बी-३०२): पाण्याचं कोणी सांगेल का?

कुलकर्णी, सेक्रेटरी: आली!! खिडकी आली! रोहन, जिंक रे 👏👏

रोहन (बी-४०१): छान. आधी तारीख बरोबर करा. तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेची साइट असुरक्षित म्हणून उघडू देत नाही, आणि बिलांवरही २००९ छापून येईल. सेल बदलेपर्यंत मेन बंद करू नका, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

सामंत (ए-२०३): म्हणजे आज बिल मिळणार. व्याजाची तारीख दोन दिवस पुढे ढकलावी, ही विनंती. लेखी देऊ का?

पाटील, खजिनदार: द्या. सभेत ठेवते.

देशपांडे काकू (बी-१०२): बॅकअप आहे का?

पाटील, खजिनदार: आहे हो काकू. त्याच निळ्या पेन ड्राइव्हवर.

देशपांडे काकू (बी-१०२): तो कॉम्प्युटरलाच लावलेला होता ना? शेवटचा कधी घेतला?

शिंदे (ए-५०१): [फॉरवर्ड केलेला फोटो: शुभ सकाळ, सुंदर विचार]

जाधव (सी-३०३): दुपारचे दीड वाजलेत शिंदे. तुमचाही सेल गेला काय?

कुलकर्णी, सेक्रेटरी: साने वहिनी, पाणी साडेसहाला.

देशपांडे काकू (बी-१०२): शेवटचा बॅकअप कधीचा आहे?