मदत हवी आहे: वस्तू आणि सेवा. मुलं डॉक्टरला वस्तूंच्या खोक्यात टाकतायत

खडूवाली
तातडीने हवंय, सोमवारी परत तोच तास आहे. वस्तू आणि सेवा यांतला फरक मुलांच्या डोक्यात शिरतच नाहीये. व्याख्या दोनदा फळ्यावर लिहिली, चित्रकार्डं वाटली. निम्म्या वर्गाने डॉक्टरचं कार्ड वस्तूंच्या खोक्यात टाकलं. कारण काय, तर ‘डॉक्टर गोळ्या देतो’. काय करू? ‘खेळातून शिकवा’ एवढंच सांगून कृपया जाऊ नका.

चौथा_तास
कितवीचा वर्ग? पट किती? कार्डांवर नेमकं काय आहे? व्याख्या कोणती लिहिलीत? यातलं एकही सांगितलेलं नाही.

खडूवाली
दुसरी. पट २४, तास ३५ मिनिटांचा. कार्डांवर डॉक्टर, न्हावी, शिंपी, भाजीवाली, एसटी. व्याख्या नेहमीचीच: हातात धरता येते ती वस्तू, येत नाही ती सेवा.

चौथा_तास
मग मुलांचं काही चुकलेलं नाही, कार्डं चुकलीत. डॉक्टर हा माणूस आहे. तो वस्तूही नाही आणि सेवाही नाही. कार्डावर माणूस नको, व्यवहार हवा. ‘डॉक्टरांनी तपासलं, २०० रुपये’ हे एक कार्ड, ‘दुकानातून गोळ्या आणल्या, ६० रुपये’ हे दुसरं. शिंप्याचीही दोन: कापड आपलं आणि फक्त शिलाई दिली, ती सेवा, तयार फ्रॉक विकत आणला, ती वस्तू.
आणि ‘हातात धरता येते’ हे वाक्य पुसून टाका. एसटीचं तिकीट हातात धरता येतं, एखादं पोर ते वस्तूंतच टाकणार. त्याला विचारा, गाडी सुटलीच नाही तर या कागदाचं काय करशील?

नानाची_टांग
मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढा. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालतं. बचतीची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

खडूवाली
नाना, २४ मुलं आहेत, माझी नाहीत. खातं काढायचं नाहीये.

जात्यावरची
कार्डं बाजूला ठेवा, दळणाचा डबा आणा. याहून सोपं साधन नाही. टेबलावर दोन गोष्टी: डब्यात एक किलो गहू, शेजारी पिठाची एक किलोची बंद पिशवी. एक मूल गिरणीवाला, एक दुकानदार. पहिलं गिऱ्हाईक डबा देतं, गिरणीवाला पडद्यामागे जाऊन गव्हाच्या जागी पिठाचा डबा घेऊन येतो (हा आधीच भरून ठेवा), दळणावळीचे पैसे घेतो. दुसरं गिऱ्हाईक थेट पिशवी विकत घेतं. मग तीनच प्रश्न. जाताना डब्यातले गहू कोणाचे? येताना पीठ कोणाचं? मग गिरणीवाल्याला पैसे कशाचे दिले? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा. निदान अर्धा मिनिट. ‘दळून दिल्याचे’ हे उत्तर मुलांकडूनच आलं पाहिजे, तुम्ही सांगितलंत की खेळ संपला.
शहरी मुलांना गिरणी माहीत नसेल तर इस्त्रीचा शर्ट घ्या. शर्ट आपलाच जातो, आपलाच येतो.

शब्दच्छल
मूळ अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी बोलत नाही. मराठी घरातल्या मुलाला ‘सेवा’ म्हणजे आजोबांचे पाय चेपणं, वारकऱ्यांना पाणी देणं. सेवेचे पैसे घेत नाहीत, हे ते घरी शिकून आलंय. तुम्ही म्हणता सेवा विकत मिळते. गोंधळणारच. पहिले दोन तास ‘वस्तू दिली’ आणि ‘काम करून दिलं’ असंच बोला. मुलं न चुकता वर्गवारी करू लागली की सांगा, पैसे घेऊन असं काम करून देण्याला पुस्तकात सेवा म्हणतात.

चौथा_तास
पुस्तकात शब्द सेवा, चाचणीत शब्द सेवा. लपवून काय मिळणार? पहिल्याच दिवशी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सांगावेत.

शब्दच्छल
सातव्या वर्षी एका शब्दाचे दोन अर्थ आणि एक नवी कल्पना, सगळं एकाच तासात? सांगा खुशाल.

करकपात
वडापावच्या गाडीचं काय करणार? जीएसटीत हॉटेलात वाढलेलं खाणं सेवेत मोडतं आणि वीज, जिला हात लावता येत नाही, ती वस्तू धरतात.

जात्यावरची
करकपात, दुसरीतली मुलं विवरणपत्र भरत नाहीत. वडापाव वस्तू. पुढे चला.

खडूवाली
डबा जमेल. मुलांच्या शनिवारच्या बाजारात सेवेचं काय ठेवू?

चौथा_तास
बाजार?? हे पहिल्या ओळीत हवं होतं. कोण विकणार, कोण घेणार?

खडूवाली
सगळीच विकणार, बाजारच तो. बहुतेकांचं लिंबू सरबत आहे.

चौथा_तास
चोवीस दुकानं, गिऱ्हाईक शून्य. बारा-बारा करा, वीस मिनिटांनी अदलाबदल. सरबताची दोनच दुकानं. सुट्ट्यांसाठी प्रत्येक दुकानाला एक-एकची दहा नाणी आधी द्या, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत बाजार अडतो. खेळातले पैसे पुठ्ठ्याचे करा. खऱ्या नोटांसारख्या दिसणाऱ्या नोटा छापणं कायद्याने गुन्हा आहे, रंगीत झेरॉक्सच्या फंदात पडू नका.
सरबताचा हिशेब फळ्यावर मांडा. दहा ग्लासांना चार लिंबं २० रुपये, साखर १५० ग्रॅम ७, मीठ-बर्फ ३, कागदी पेले १०. खर्च ४०. पाच रुपयांनी दहा गेले तर ५०, दोन उरले तर ४०, म्हणजे हाती काहीच नाही. साखर-लिंबं घरून फुकट आली की मुलं पन्नासच्या पन्नास फायदा धरतात, म्हणून घरून आणलेल्याचीही किंमत लिहून घ्या.

जात्यावरची
सेवेसाठी वह्यांना कव्हर घालून देणं. वही आणि कागद गिऱ्हाइकाचा, काम दोन रुपये. कागद दुकानाचा असेल तर पाच. त्या तीन रुपयांच्या फरकातून वस्तू-सेवा दोन्ही मुलांच्या लक्षात येतात. पेन्सिलला टोक करून देणं ठेवू नका, गर्दी होते आणि कचराही.

खडूवाली
कव्हर ठरलं. भाड्याची सायकल कशात? सायकल हातात येते, पण परत द्यावी लागते.

शब्दच्छल
सोमवारी ते कार्ड खिशातच ठेवा.

नानाची_टांग
मुलगे असतील तर पीपीएफ बघा.