अर्धशिशीत चाललं की ठणका वाढतो, मग व्यायाम करायचा कसा?

परभणीकर:
बहिणीला मायग्रेन आहे. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला व्यायाम अन् अंग सैल सोडायचा सराव सांगितलाय. पण चालायला गेली की ठणका वाढतो. त्यात एप्रिलचं ऊन. किती, कधी, कसं करावं?

गोदाकाठ:
ठणका सुरू असताना चालायचंच नाही. हालचालीनं दुखणं वाढणं हे मायग्रेनचं लक्षणच आहे. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यायची अन् अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. व्यायाम बऱ्या दिवशी करायचा, म्हणजे पुढचे झटके कमी येतात. स्वीडनमधल्या २०११ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम करणारे, शिथिलीकरण (अंग सैल सोडायचा सराव) करणारे अन् टोपिरामेट (झटके टाळायची रोजची गोळी) घेणारे असे तीन गट होते. तिन्हींत झटके जवळपास सारखेच कमी झाले. म्हणून काय चालू गोळी मनानं बंद करायची नाही.

४० मिनिटांतली पहिली १५ सावकाश, मग २० जोरात, शेवटी ५ परत हळू. जोरात म्हणजे दम लागावा, पण तुटक का होईना बोलता यावं. बहुतेक लोक पहिली १५ मिनिटंच गाळतात, अन् एकदम जोर लावला की डोकं धरतं. नवख्यानं मधली २० पाचावरूनच सुरू करावीत अन् दर आठवड्याला थोडी वाढवावीत.

भल्या_पहाटे:
उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत निघा. जाताना पूर्वेकडं जा म्हणजे परतताना ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत तिरीप जात नाही. रिकाम्या पोटी नको. एखादं केळं किंवा शेंगदाणे-गूळ खाऊन, पाणी पिऊन निघा. चतुर्थी-एकादशीचा कडक उपवास असेल तर त्या दिवशी चालणं सोडा. उपाशी पोट, कमी पाणी अन् ऊन एकत्र आलं की झटका आलाच म्हणून समजा.

सैल_खांदे:
शिथिलीकरण रोज १५-२० मिनिटं, तेही बरं वाटत असताना शिकायचं. मूठ ५ सेकंद आवळा, मग २०-३० सेकंद पूर्ण सोडा. त्याच क्रमानं दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, पोटऱ्या. आवळताना श्वास रोखू नका अन् पूर्ण ताकद लावू नका. मानेला तर अगदीच हलका ताण द्या, नाहीतर मानच भरून येते. जबडा सोडला की वरच्या-खालच्या दातांत फट राहिली पाहिजे. ती नसेल तर जबडा अजून ताठच आहे. शीर्षासन अन् जोरकस कपालभाती सुरुवातीला नकोच.

परभणीकर:
आभारी आहे. साधी दुखण्याची गोळी मात्र महिन्यात बऱ्याचदा होते.

गोदाकाठ:
गोळी घेतलेले दिवस वहीत मांडा. साधी गोळी महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास गोळी) किंवा मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं) १० दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीमुळंच डोकं दुखायला लागू शकतं. मग नुसत्या व्यायामानं भागत नाही, वही घेऊन डॉक्टरांकडं जा. अन् व्यायाम करताना अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला तर लगेच दवाखाना गाठा.