फॅमिली ग्रुप : हिलोचा नाच आणि एक वाजून चार मिनिटे

नानाकाका : सूनबाई, काल तू हवाई बेटांवरच्या हिलो शहरातून पाठवलेली छायाचित्रे पाहिली. देवळाच्या पटांगणात कंदील टांगलेले आहेत, मधल्या मचाणावर ढोल वाजतो आहे आणि आबालवृद्ध गोल धरून नाचत आहेत, ते पाहून मला आपला भोंडला आठवला. मात्र खाली तू 'पूर्वजांसाठी' असे लिहिले आहेस आणि त्यांतच एका बंद पडलेल्या घड्याळाचेही छायाचित्र आहे. पितरांसाठी कोणी नाचते का, आणि घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध, हे सवडीने लिही. नुसता अंगठा पाठवू नकोस.

वहिनी (हिलो) : नानाकाका, या नाचाला 'बोन' म्हणतात. पितर काही दिवसांसाठी घरी येतात अशी जपानी बौद्धांची श्रद्धा आहे. त्यांच्या स्वागतासाठी हा नाच असतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरची माणसे आधी देवळात उदबत्ती लावतात आणि मग रिंगणात येतात. हवाईतली देवळे एकाच रात्री नाच ठेवत नाहीत. जून ते ऑगस्ट दर शनिवार-रविवारी वेगवेगळ्या देवळांची पाळी असते, त्यामुळे आपण गणपतीत मंडळे पाहत फिरतो तशी इथली माणसे देवळे फिरतात. पटांगणाच्या कडेला 'अंदागी' तळतात. ते आपल्या गुलगुल्यांचे ओकिनावातले भाऊबंद शोभावेत.

मोठ्या आत्या : गाण्याचे शब्द त्यांना कळतात का, की नुसते पाय हलवतात?

वहिनी (हिलो) : आत्याबाई, तरुणांपैकी अनेकांना कळत नाहीत. यांचे पूर्वज १८८५ पासून करार करून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. आता चौथी-पाचवी पिढी आहे आणि घरात इंग्रजीच बोलतात. तरीही जो तो आपल्या मुलखाचे गाणे घेऊन आला होता, ती गाणी टिकली आहेत. त्यांतले फुकुशिमाचे गाणे हवाईभर वाजते. २०११ च्या त्सुनामीनंतर आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर तिकडची गावेच्या गावे रिकामी झाली, आणि ज्या किनाऱ्यावरची माणसे पांगली त्या मुलखाचे गाणे समुद्रापलीकडे दर उन्हाळ्यात नाचले जात राहिले, हे मला फार विलक्षण वाटते.

नानाकाका : घड्याळ राहिले.

वहिनी (हिलो) : तेच सांगते. हिलोच्या किनाऱ्याला लागून 'शिनमाची' नावाची जपानी वस्ती होती. शब्दाचा अर्थ नवे गाव. १ एप्रिल १९४६ रोजी सकाळी सातच्या सुमारास अलास्काकडच्या अल्यूशन बेटांजवळ झालेल्या भूकंपाची लाट आली. तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, शिवाय तारीख एक एप्रिलची, त्यामुळे पाणी आले म्हणून ओरडणाऱ्यांवर कित्येकांचा विश्वास बसला नाही. हवाई बेटांवर १५९ माणसे गेली, त्यांतली ९६ एकट्या हिलोत. लाउपाहोएहोए इथल्या शाळेतली मुले आणि शिक्षक मिळून २४ जण गेले. शेजारच्या वाइआकेआ वस्तीतले घड्याळ तेव्हा लाटेत सापडले होते. लोकांनी ते दुरुस्त करून पुन्हा चालू केले.

दादा (हिलो) : मध्येच लिहितो. त्यानंतर १९४९ मध्ये होनोलुलूजवळ इशारा केंद्र सुरू झाले. आजही महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबाराला सबंध राज्यात भोंग्यांची चाचणी होते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुर्बिणीच्या कार्यालयातून धावत बाहेर आलो आणि बाकीचे शांतपणे डबा खात होते.

नानाकाका : म्हणजे नंतर इशारा मिळू लागला. मग संकट टळायला हवे होते.

वहिनी (हिलो) : टळले नाही, काका, आणि मला तुम्हाला सांगायचे होते ते हेच. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. उपकरणांवर नोंदला गेलेला आजवरचा सर्वांत मोठा. लाटेला हिलोपर्यंत यायला सुमारे पंधरा तास लागले आणि भोंगे रात्री साडेआठलाच वाजले होते. पण मधल्या वर्षांत इशारे देऊनही जीवितहानी झाली नव्हती, म्हणून अनेक जण घरातच राहिले. काही जण तर पाणी पाहायला किनाऱ्यावर गेले. मध्यरात्रीच्या सुमारास आलेल्या पहिल्या लाटा लहान निघाल्या, तेव्हा टेकडीवर गेलेलेही परतू लागले. एक वाजून चार मिनिटांनी मोठी लाट आली आणि ६१ माणसे गेली. तेच घड्याळ त्या मिनिटाला थांबले. या वेळी ते चालू न करता काटे तसेच ठेवून रस्त्याच्या कडेला उभे केले आहे. तीच लाट पुढे जपानला पोहोचली आणि तिथेही सुमारे १४० जण दगावले.

आमच्या शेजारच्या आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील कुटुंबाला टेकडीवर सोडून दुकानाची उधारीची वही आणायला खाली गेले. वडील वाचले आणि वही गेली, त्यामुळे गिऱ्हाइकांचा हिशेब कायमचा मिटला, असे सांगताना आजी हसतात. नाचताना माझा हात चुकला की त्याच माझी बाही ओढतात.

नानाकाका : शिनमाची पुन्हा वसली का?

वहिनी (हिलो) : १९४६ नंतर वसली होती; १९६० नंतर वसू दिली नाही. तिथे आता हिरवळ, तळे आणि वस्तीचे स्मारक आहे. समुद्राला लागून इतकी मोकळी जागा पाहून परवा एका पाहुण्यांनी भाव विचारला, तेव्हा मला उत्तर सुचेना. शहरात त्सुनामीचे संग्रहालयही उभे राहिले, त्यासाठी वाचलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून घेतल्या आहेत.

मोठ्या आत्या : पाणी पाहायला गेले म्हणतेस, ते वाचून मी थांबले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नारायण पेठेतून आम्ही पोरे नदीचे पाणी पाहायलाच निघालो होतो. आईने जिन्यात माझी वेणी धरली आणि तशीच मागे ओढली.

नानाकाका : हे तू मला कधी सांगितले नाहीस.

मोठ्या आत्या : तू तेव्हा पाळण्यात होतास, आणि नंतर तू विचारले नाहीस.

वहिनी (हिलो) : आत्याबाई, तुम्ही बोलाल का? मी इथून फोनवर नोंदवून घेईन. घाई नाही, आठवेल तसे बोला.

मोठ्या आत्या : उद्या चारला कर, वामकुक्षीनंतर. आणि नान्याला मध्ये बोलू देऊ नकोस.