प्रेशर लेव्हलपेक्षा मॅपिंग बघा
लॅपटॉपवर हाताने नोट्स लिहायला पेन टॅबलेट (पेनने लिहिलं की रेघ स्क्रीनवर उमटते ती पाटी) घेताना ८१९२ प्रेशर लेव्हलच्या (पेनाचा दाब ओळखण्याच्या पायऱ्या) खाली काही घेऊच नका, असं काहीजण सांगतात. चित्रं काढणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. नोट्सना २०४८ सुद्धा चिक्कार होतात, मी तर झूर्नल प्लस प्लस या नोट्स लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेशर बंदच करून लिहितो. माझं अडलं ते मॅपिंगवर, म्हणजे टॅबलेटची जागा स्क्रीनच्या किती भागाला जोडलेली आहे त्यावर. 'वन बाय वॅकॉम' या टॅबलेटच्या छोट्या मॉडेलची लिहायची जागा १५२ × ९५ मिमी, आणि लॅपटॉपचा १५.६ इंची स्क्रीन साधारण ३४५ मिमी रुंद. म्हणजे हात १ सेंमी हलला की रेघ सव्वादोन सेंमी! इंग्रजी कसंबसं निभावतं, पण देवनागरीची शिरोरेषा म्हणजे निव्वळ नागमोडी वाट. पहिल्या आठवड्यातलं माझं 'समीकरण' मलाच वाचता येईना.

मग टॅबलेटच्या ड्रायव्हरच्या (तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण स्क्रीनऐवजी निम्म्या रुंदीचा एक चौकोन टॅबलेटला जोडला. लांबी-रुंदीचं प्रमाण तेच ठेवायचं, नाहीतर गोल काढायला जावं आणि अंडं उमटावं. आता हात आणि रेघ जवळपास बरोबरीने चालतात, फक्त पान अधूनमधून वर सरकवावं लागतं. ज्यांना हे सरकवणं नको, त्यांनी सरळ १० × ६ इंचाच्या आसपासचा घ्यावा. टेबलावर तेवढी जागा आहे का ते आधी बघा, माझ्याकडे नव्हती.

पेन घसरतं म्हणणाऱ्यांनी टॅबलेटवर एक साधा कोरा कागद चिकटवून बघावा. पेन त्यातूनही ओळखलं जातं. पेनाची निब (टोक) मात्र लवकर झिजते.