इटलीचं शून्य काढायचं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की परदेशात फोन लावताना +देशाचा कोड लावला की एरिया कोडच्या आधीचं शून्य काढून टाकायचं, आणि हे सगळीकडे चालतं. ब्रिटनला बरोबर आहे, लंडनचा 020 बाहेरून +44 20 होतो, कारण ते शून्य नंबरचा भाग नाहीच, देशातल्या देशात दुसऱ्या भागात लावतोय एवढंच ते एक्स्चेंजला सांगतं. पण इटलीत हा नियम लावू नका, प्लीज! तिथे 1998 पासून शून्य लँडलाइन नंबरचाच भाग आहे, शेजारच्या घरी लावला तरी एरिया कोडसकट पूर्ण नंबर फिरवावा लागतो, म्हणून रोम बाहेरून +39 06 असंच. मी एकदा सवयीने शून्य काढून रोमला तीनचारदा लावून बघितला, लागेचना, मला वाटलं नंबरच चुकीचा दिलाय, मग शून्यासकट लावला तर पहिल्या झटक्यात लागला. तिथल्या मोबाइलचं मात्र उलट, ते 3 ने सुरू होतात आणि आधी शून्य लावायचंच नसतं. आणि व्हॅटिकन वेगळा देश असूनही तिथले नंबर रोमच्याच 06 मधे येतात, त्यांच्यासाठी +379 राखून ठेवलाय पण वापरात नाहीये.