मुलगी सैन्यात मेडिक होत आहे. आईवडिलांनी तिच्या पाठीशी नेमके कसे उभे राहावे?

प्रश्नकर्ती:
आमच्या मुलीने सैन्याच्या वैद्यकीय शाखेत मेडिक म्हणून भरती होण्याचा निर्णय घेतला. मूलभूत सैनिकी प्रशिक्षण तिने पूर्ण केले असून आता वैद्यकीय प्रशिक्षण सुरू आहे. तिच्या निर्णयाला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. अडचण अशी आहे की आमच्या कुटुंबात सैन्यात कोणी नाही आणि वैद्यकीय क्षेत्रातही कोणी नाही, त्यामुळे ती फोनवर जे सांगते त्यातले निम्मे आम्हाला कळत नाही आणि जे कळते त्याने झोप उडते. प्रशिक्षणार्थी एकमेकांच्याच हातात सुई घालून सलाइन लावण्याचा सराव करतात, असे तिने मध्यंतरी सांगितले. त्यानंतर कृत्रिम रक्ताने माखलेल्या, एक पाय तुटलेल्या पुतळ्यावर अंधारात आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात उपचार करण्याची परीक्षा झाली, आणि पहिल्या खेपेस ती अनुत्तीर्ण झाली. हे सांगताना तिचा आवाज अगदी उतरलेला होता.

अशा वेळी आम्ही काय बोलावे आणि काय विचारावे? पुढे ती प्रत्यक्ष सेवेत गेल्यावर, आमची भीती तिच्या अंगावर न टाकता, तिला आधार वाटेल असे आमच्या हातून काय होऊ शकते? आणि मनात सतत येणारी गोष्टही लिहिते: गोळीबार चालू असताना इतर जण आडोशाला जातील आणि आमची मुलगी मात्र जखमींकडे धावत सुटेल, असेच असते का?

निवृत्त मेडिक:
मी अनेक वर्षे पायदळाच्या तुकडीबरोबर मेडिक म्हणून काम केले आणि नंतर नव्या मेडिकना शिकवलेही. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जवळजवळ प्रत्येक आईवडिलांच्या मनात तेच चित्र असते. मेडिकने उघड्यावर धावत जाऊन जखमीशेजारी पेटी उघडून बसावे, असे आजचे प्रशिक्षण शिकवत नाही. रणांगणावरील उपचारांची जी पद्धत १९९६ साली अमेरिकी सैन्यातील डॉक्टरांनी मांडली आणि पुढे अनेक देशांच्या सैन्यांनी स्वीकारली, तिच्यात तीन टप्पे आहेत. प्रत्यक्ष माऱ्याखाली असताना आधी समोरचा मारा थोपवायचा, जखमी स्वतः हालचाल करू शकत असेल तर त्याला आडोशाला यायला सांगायचे, आणि हातापायातून जोराचा रक्तस्राव होत असेल तर टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी हातापायाभोवती बांधायचा घट्ट पट्टा) आवळायचे. त्यापलीकडचे उपचार तेव्हा करायचे नाहीत. आडोसा मिळाल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो आणि जखमीला मागे नेताना तिसरा. मेडिक स्वतः पडला तर तुकडीतील उरलेल्यांचे उपचार कोण करणार, हा विचार या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तो पहिल्या दिवसापासून मनावर बिंबवला जातो.

त्या परीक्षेविषयी आता सांगतो. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणून आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग छाती आणि श्वसन, मग रक्ताभिसरण, आणि त्यानंतर शरीराची ऊब, हा क्रम अंधारात, थकलेल्या अवस्थेत आणि गोंगाटातही हाताने आपोआप पाळला जाईपर्यंत घोटून घेतला जातो. (ऊब या यादीत कशी आली, असे अनेकांना वाटते. रक्त गेलेल्या माणसाचे शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा जखमीला गुंडाळून ठेवावे लागते.) मनुष्य कुठे अडखळतो हे कळावे याच हेतूने ही परीक्षा इतकी अवघड ठेवलेली असते, आणि पुढे उत्तम मेडिक झालेले कित्येक जण पहिल्या खेपेस तिच्यात अडकलेले मी पाहिले आहेत. म्हणून फोनवर नुसते सांत्वन करण्याऐवजी ‘नेमकी कोणती पायरी राहिली?’ असे विचारा आणि तिला सगळा क्रम तोंडाने सांगू द्या. आपल्याला त्यातले सगळे समजले नाही तरी चालेल. क्रम मोठ्याने सांगताना तिची उजळणी होते आणि चुकलेल्या गोष्टीकडे ती शांतपणे पाहू लागते. सुट्टीवर आली की नाडी मोजणे, पट्टी बांधणे, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करणे यांसाठी आपण स्वतः तिचे रुग्ण व्हा.

प्रत्यक्ष सेवेतील बहुतेक दिवस लढाईचे नसतात, हेही लक्षात ठेवा. पायांचे फोड, ताप, जुलाब, उष्माघात, लसीकरण, पिण्याच्या पाण्याची तपासणी, औषधांचा साठा आणि भरपूर नोंदी यांतच मेडिकचा वेळ जातो. शिवाय तुकडीतील जवान आपली घरची दुःखे मेडिकपाशीच बोलतात. विशीतल्या मुलीवर इतक्या जणांच्या मनाचा भार येतो, आणि त्यातले काहीही ती आपल्याला सांगू शकणार नाही, कारण ते तिला विश्वासाने सांगितलेले असते.

आणखी एका गोष्टीची तयारी आईवडिलांनी आधीच करावी, असे मला फार वाटते. इटलीतील सोल्फेरिनो येथे १८५९ साली झालेल्या लढाईतील जखमींचे हाल पाहून स्विस व्यावसायिक आंरी द्युनाँ यांनी रेड क्रॉसची जी चळवळ उभी केली, तिच्यातून १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. आज लागू असलेल्या १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार केवळ वैद्यकीय कामासाठीच नेमलेल्या व्यक्तीवर हल्ला करता येत नाही, स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगल्याने तिचे संरक्षण जात नाही, आणि ती शत्रूच्या हाती सापडली तरी तिला युद्धकैदी मानले जात नाही. हे नियम रणांगणावर नेहमीच पाळले जातात, असे मी म्हणणार नाही. पण त्याच करारात मेडिकवर एक कर्तव्यही घातलेले आहे: जखमी कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता, केवळ वैद्यकीय निकडीनुसार उपचारांचा क्रम ठरवायचा. म्हणजे एखाद्या दिवशी आपली मुलगी किरकोळ जखमी झालेल्या आपल्या सहकाऱ्याआधी मरणासन्न शत्रुसैनिकाकडे वळेल. हे तिने कधी घरी सांगितले, तर त्यावर कोणीही कपाळाला आठी घालू नये. तिने तेव्हा आपले काम चोख केलेले असेल.

सेवेतील मुलाची आई, व्यवसायाने परिचारिका:
ताई, वरील माहिती मोलाची आहे, म्हणून मी फक्त संपर्काविषयी लिहिते. एखाद्या तुकडीत जीवितहानी झाली की त्या घरच्यांना अधिकृतपणे कळवले जाईपर्यंत तुकडीचे फोन आणि इंटरनेट बंद ठेवण्याची पद्धत अनेक सैन्यांत आहे. अचानक पसरलेल्या शांततेचा अर्थ आपल्या मुलीला काही झाले असाच होतो असे नाही, हे आजच स्वतःला आणि घरातील वडीलधाऱ्यांना समजावून ठेवा. तशा काळात तिच्या सहकाऱ्यांना संदेश पाठवून विचारपूस करू नये, आणि ती कुठे आहे, कधी निघणार आहे, यांविषयी समाजमाध्यमांवर काहीही लिहू नये.

ती बोलेल तेव्हा तिला घरच्या साध्या गोष्टी ऐकायच्या असतात, असा माझा अनुभव आहे. माझा मुलगा फोनवर भावंडांच्या भांडणाची हकिकत पुन्हा पुन्हा विचारत असे, आणि आम्ही त्याच्यापासून घरातील आजारपण लपवले नाही, कारण घरचे लोक खरे सांगतात हा विश्वास त्याला दूर असताना फार लागतो. आपली भीती बोलून दाखवायला मात्र तिच्याखेरीज कोणीतरी हवेच. सेवेतील मुलांच्या आईवडिलांचे गट असतात, त्यांत अवश्य जा.

युद्धात असंख्य प्राण वाचवणाऱ्या मेडिकच्या गोष्टी नातेवाईक मोठ्या प्रेमाने पाठवतात. जपानमधील ओकिनावाच्या लढाईत १९४५ साली एकही शस्त्र न बाळगता सुमारे ७५ जखमींना कड्यावरून खाली उतरवणारे अमेरिकी मेडिक डेस्मंड डॉस खरोखरच थोर होते. पण नुकत्याच शिकू लागलेल्या मुलीपुढे सतत तोच आदर्श ठेवला, तर ज्याला ती वाचवू शकणार नाही त्याचे मरण तिला स्वतःची उणीव वाटू लागेल.

प्रश्नकर्ती:
आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ताईंच्या शेवटच्या वाक्याने मनातला खरा प्रश्न वर आला आहे. तिच्या हातात कोणी दगावले, तर आम्ही काय करायचे? ‘तुझा दोष नाही’ एवढे म्हणणे पुरेसे असते का?

सैनिकांसोबत काम करणारा समुपदेशक:
ते वाक्य खरे असले तरी बहुधा पुरेसे नसते, कारण तिथे नसलेल्या माणसाने दिलेला निर्वाळा मेडिकला पटत नाही. तिला काही आधार वस्तुस्थितीचाही लागतो. २००१ ते २०११ या काळात रणांगणावरील जखमांनी मरण पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांचा जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ८७ टक्के मृत्यू रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच झाल्याचे आढळले, आणि या मृत्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जखमा अशा होत्या की त्यांतून वाचणे शक्यच नव्हते. उरलेल्या, वाचण्याची शक्यता असलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ९१ टक्क्यांचा संबंध रक्तस्रावाशी होता, आणि म्हणूनच टूर्निकेवर आज इतका भर दिला जातो. हे आकडे दुःखाच्या पहिल्या दिवशी तिच्यापुढे ठेवायचे नाहीत. ती स्वतः ‘मी आणखी काही करू शकले असते का?’ असे विचारू लागेल तेव्हा ते उपयोगी पडतील, आणि तेव्हाही तो प्रश्न तिने अनुभवी मेडिक किंवा डॉक्टरबरोबर उलगडावा, कारण जखम, हाताशी असलेली साधने आणि मिळालेला वेळ यांचा हिशेब त्यांनाच मांडता येतो.

घरच्यांचे काम त्याहून साधे आणि अधिक काळ चालणारे आहे. किती जणांना वाचवलेस, काय काय पाहिलेस, असे तिला विचारू नका. तिने बोलायला सुरुवात केली तर मध्येच धीर देऊ नका, रडू आवरले नाही तर तसे सांगा, पण तिचे बोलणे संपू द्या. ‘त्या माणसाविषयी सांगावेसे वाटते का?’ असा प्रश्न पुष्कळदा दार उघडतो, कारण मेलेल्या सहकाऱ्याचे नाव घ्यायलाही तिला कोणी सापडलेले नसते. अनेक जखमींपैकी आधी कोणाकडे जायचे, हे ट्रायाजचे निर्णय मनात फार खोल रुततात. नियमाप्रमाणे बरोबर वागूनही अपराधी वाटत राहते आणि त्या वेदनेला भीतीपेक्षा वेगळे उपचार लागू शकतात.

घरी आल्यावर पहिले काही दिवस झोप विस्कटणे, मोठ्या आवाजाने दचकणे, एकटे बसावेसे वाटणे यात गैर काही नाही. मात्र हे महिनाभरानंतरही ओसरले नाही, दारूचे प्रमाण वाढले, जवळच्यांशी बोलणेच बंद झाले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर वाट पाहू नका. शेवटची गोष्ट आढळली तर तिला स्पष्ट शब्दांत विचारा की मरणाचे विचार येतात का. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. उपचार घेतल्याने नोकरीवर परिणाम होईल, ही भीती सैनिकांत फार असते, म्हणून गोपनीयतेचे नियम काय आहेत याची माहिती तिने शांततेच्या काळातच करून घेतलेली बरी.

एक वडील:
एक व्यावहारिक सूचना राहिली आहे. सैन्यातील मेडिकचे प्रशिक्षण कितीही कठोर असले तरी अनेक देशांत त्याला नागरी रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेवर काम करण्याचा परवाना आपोआप जोडलेला नसतो. माझ्या मुलाला सेवेनंतर प्रवेशासाठी प्रत्येक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, विषयांचे तपशील आणि वरिष्ठांनी सही केलेल्या कामाच्या नोंदी मागितल्या गेल्या. आपल्या मुलीने परवानगी असलेल्या कागदांच्या प्रती आतापासून घरी पाठवाव्यात आणि आपण त्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात. त्यांत रुग्णांची माहिती मात्र कुठेही असू नये. नागरी पात्रता परीक्षा सेवेत असतानाच देता येते का, याचीही तिने प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी, कारण शिकलेले ताजे असताना ती परीक्षा सोपी जाते.